नकाशातलं आरक्षण

आरक्षण हा शब्द आपल्या पोरांना शिवीसारखा ऐकावा लागतो. कॉलेजात ऐकावा लागतो, ऑफिसात ऐकावा लागतो. मी लातूरला ज्या डाळमिलमध्ये कट्टे उचलतो तिथल्या चहाच्या टपरीवरही तो ऐकावा लागतो. पण याच शब्दाचा दुसरा एक अर्थ आहे. तो प्रत्येक नगरपालिकेच्या भिंतीवर रंगीत नकाशात टांगलेला असतो. शहराच्या विकास आराखड्यात ही जागा शाळेला, ही बागेला, ही दवाखान्याला, ही रुंद रस्त्याला, असं ठरवून ठेवतात. सरकारी भाषेत त्यालाही आरक्षणच म्हणतात. त्या आरक्षणाबद्दल टपरीवर कुणी शिव्या देत नाही. कारण ते कुठं ठेवायचं आणि कुठून उठवायचं हे ज्यांच्या हातात आहे त्यांना शिव्या द्यायची गरजच पडत नाही. ते गुपचूप अर्ज देतात.

दोस्तांनो, आपण मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात गेलो. ते करावंच लागलं. पण आपली वस्ती उठवायचा निर्णय मोर्चाच्या दिवशी होत नसतो. तो दहा-पंधरा वर्षं आधी एका खोलीत, एका टेबलावर, सात माणसांच्या पुढं होऊन गेलेला असतो. त्या खोलीचा इतिहास आपल्याला कुणी शिकवला नाही. मी पदवीधर नाही. पाळी संपल्यावर कायद्याची पुस्तकं मागून आणून वाचली, वकील दोस्ताला अडलेलं विचारलं. जे कळलं ते इथं मांडतो.

गावापासून सुरुवात करू. कारण पहिला नगररचनाकार तिथंच बसला होता. त्याच्याकडं कागद नव्हता, फूटपट्टी नव्हती. पण पाटलाचा वाडा कुठं, देऊळ कुठं, विहीर कुठं, आणि आपला वाडा कुठं हे सगळं चोख ठरलेलं होतं. वारा आधी त्यांच्या अंगावरून जाईल आणि मग आपल्या. ओढ्याचं पाणी आधी त्यांच्या घाटाला लागेल आणि मग आपल्या. गावकूस ही काय नुसती मातीची भिंत नव्हती, तो विकास आराखडाच होता. त्याच्यावर हरकत घ्यायची सोय नव्हती आणि त्याची मुदत कधी संपत नव्हती.

हे सगळ्यात आधी नीट ओळखलं ते बाबासाहेबांनी. १८ आणि १९ जुलै १९४२ला नागपूरला अखिल भारतीय परिषद झाली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म तिथलाच. त्या परिषदेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी ठरावानं केली गेली. पुढं १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात बाबासाहेबांनी ती मागणी कायद्याच्या भाषेत बसवली. त्यांनी सेटलमेंट कमिशन मागितलं. सरकारची न कसलेली जमीन त्या कमिशनच्या ताब्यात द्यावी, लागली तर विकतही घ्यावी, आणि तिच्यावर आपल्या माणसांची वेगळी गावं उभी करावीत. ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी गावाच्या आरतीवरच घाव घातला, तो आपण भाषणात नेहमी सांगतो. पण सेटलमेंट कमिशन आपण भाषणात सांगत नाही. बाबासाहेब नुसतं गाव वाईट म्हणून थांबले नाहीत. वसवायचं कुठं, कुणाच्या जमिनीवर, कुणाच्या ताब्यात, हे त्यांनी लिहून दिलं. हा माणूस आपला पहिला नगररचनाकार होता. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं तेही शहराबाहेरच्या मोकळ्या रानात, नुसती इमारत म्हणून नाही, तर अख्खा परिसर डोळ्यापुढं ठेवून.

सेटलमेंट कमिशन झालं नाही. घटनेत ते आलं नाही. त्याच्या जागी जे आलं ते शहराचं नियोजन. त्याचा इतिहास मुंबईपासून सुरू होतो. १८९६ला मुंबईत प्लेग आला. १८९८ला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट चाळी पाडायच्या, मधून रुंद रस्ते काढायचे, हवा खेळवायची. हवा खेळली, पण ज्यांची खोपटं रस्त्यात गेली ती माणसं दुसऱ्या दाट वस्तीत जाऊन कोंबली गेली. १९१५ला मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा झाला, हिंदुस्थानातला पहिला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. इथं इंग्रजांचा कायदा नव्हता, पण आखणी करणारे होते. लातूरची गंजगोलाई हैदराबादचे नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखली. मधली दुमजली इमारत १९४५ची. त्या गोल चौकाला सोळा रस्ते येऊन मिळतात. सोन्याचा बाजार वेगळा, गुळाचा वेगळा, मिरचीचा वेगळा, चपलांचा वेगळा. मी या गोलाईत पोती वाहिली आहेत, मला ती आवडते, खोटं कशाला बोलू. पण कुठला माल कुठं विकायचा हे सोळा रस्त्यांवर ठरलेलं असताना तो माल उचलणारा माणूस रात्री कुठं झोपेल, याला सतरावा रस्ता काही मला सापडला नाही.

१७ सप्टेंबर १९४८ला निजामाचं राज्य संपलं. १ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६०ला महाराष्ट्रात. त्यानंतर आपली माणसं शहराकडं निघाली. नांदेडला उस्मानशाही मिल होती, आज ती बंद आहे. पण तिच्या भोंग्यावर कित्येक घरं जगली. १९७२च्या दुष्काळानं खडी फोडायला लावली आणि कित्येकांना कायमचं गाव सोडायला लावलं. मग २७ जुलै १९७८. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात झाला आणि इथं गावंच्या गावं पेटली. पेटली म्हणजे आपलीच घरं पेटली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे मारले गेले. ज्यांचं घर जळलं त्यांनी भांडी डोक्यावर घेतली आणि नांदेड, लातूर, परभणी, औरंगाबाद गाठलं. माझी आजी सांगायची, शहरात आल्यावर पहिली गोष्ट बरी वाटली ती ही, की नळावर बारी लावायला कुणी जात विचारत नव्हतं. नळ मात्र अर्ध्या मैलावर होता.

ही माणसं बसली कुठं? जी जागा कुणाला नको होती तिथं. रुळाच्या कडेला, नदीच्या पुरात येणाऱ्या काठाला, गायरानात, कचरा डेपोच्या अंगाला. गावकुसाबाहेरून निघालेली माणसं शहराच्या नकाशाबाहेर येऊन बसली. इथून पुढं समितीची गोष्ट सुरू होते.

आज जो कायदा आहे तो महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. तो ११ जानेवारी १९६७पासून लागू आहे. कायदा किचकट आहे, पण आपल्या कामाचा भाग समजायला अवघड नाही.

नगरपालिका किंवा महापालिका ही नियोजन प्राधिकरण असते. ती आधी जाहीर करते की आम्ही आराखडा करणार. मग नगररचना अधिकारी शहराची पाहणी करतो आणि आज कुठल्या जागेचा काय वापर चालू आहे त्याचा नकाशा काढतो. याला विद्यमान जमीनवापर नकाशा म्हणतात. त्यावरून पुढच्या वीस वर्षांचा प्रारूप आराखडा तयार होतो. पिवळा रंग रहिवासाचा, जांभळा उद्योगाचा, हिरवा शेतीचा आणि मोकळ्या जागेचा. निळा रंग व्यापाराचा. आपला निळा तिथं दुकानदाराला दिलाय, ते असो. हा आराखडा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात जाहीर होतो. ठरलेल्या मुदतीत लोकांकडून ‘हरकती आणि सूचना’ मागवतात. नकाशा ऑफिसात बघायला ठेवला पाहिजे आणि त्याची नक्कल वाजवी किमतीत विकत दिली पाहिजे, असं कायदाच सांगतो.

आलेल्या हरकती नियोजन समितीपुढं जातात. कलम २८. या समितीत पालिकेच्या स्थायी समितीचे तीन सभासद आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. तीन आणि चार, सात. ज्यांनी हरकत किंवा सूचना दिली त्यांना ही समिती बोलावते, ऐकून घेते आणि आपला अहवाल पालिकेला देते. पालिका त्यावरून आराखड्यात बदल करते, बदलांची यादी प्रसिद्ध करते, आणि सगळं बाड सरकारकडं मंजुरीला जातं. सरकारनं शिक्का मारला की तो कायदा झाला. मग वीस वर्षांतून एकदा त्याची उजळणी.

आता यातल्या तीन गाठी बघा.

पहिली गाठ समितीची. ७४व्या घटनादुरुस्तीनं १९९३पासून पालिकेत अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळाल्या. आपला नगरसेवक सभागृहात बसतो. पण या सात जणांत आपल्यासाठी एकही जागा राखीव नाही. तीन सभासद स्थायी समितीतून, आणि स्थायी समितीत कोण बसतं हे गटातटाच्या गणितावर. जाणकार म्हणजे वास्तुविशारद, अभियंता, निवृत्त अधिकारी. नाल्याच्या काठाला तीस वर्षं घर टिकवून धरलेली बाई शहराच्या नियोजनातली जाणकार धरली जात नाही.

दुसरी गाठ विद्यमान वापराच्या नकाशाची. मी एका नगरपरिषदेत हा नकाशा बघायला गेलो. नाव सांगत नाही, कुठलीही धरा. बाबूनं विचारलं, “सात-बारा आणलाय का?” म्हणालो, “साहेब, नकाशा बघायला सात-बारा लागतो का?” तो म्हणाला, “तुझी जमीनच नाही तर तुला बघून काय करायचंय?” बरीच हुज्जत घातल्यावर नकाशा उलगडला. जिथं शेकडो चुली पेटतात, जिथं वाचनालय आहे, जिथं पंचशीलाचा झेंडा आहे, तिथं कोरी जागा होती आणि वर बारीक अक्षरात ‘शासकीय जमीन’. घरं काढलेलीच नव्हती. आता सांगा, टेबलावर बसलेल्या माणसाला कोरी जागा दिसली तर तो तिथं काय टाकणार? बाग टाकणार, बस डेपो टाकणार, पार्किंग टाकणार. त्यानं जात बघून टाकलं असं म्हणायची गरजच नाही. पाहणी करणाऱ्यानं आपल्याला आधीच पुसलेलं होतं.

तिसरी गाठ हरकतीची. समिती फक्त त्याला ऐकते ज्यानं मुदतीत लेखी दिलं. ज्याच्या शेतावर बागेचं आरक्षण पडलं तो दुसऱ्या दिवशी वकिलाकडं असतो. ज्याच्या घरावर पडलं त्याला राजपत्र म्हणजे काय ते माहीत नसतं. आमच्या मिलमध्ये तूर भरडून चाळणीवर येते. डाळ वर राहते, चुनी खाली पडते, चुनी जनावराला जाते. चाळणी कुणाचा राग करत नाही, तिची भोकंच तशी. समितीची चाळणी लेखी कागदाच्या मापाची आहे. बिनकागदाचा माणूस आपोआप खाली पडतो, आणि अहवालात लिहितात, सदर जागेबाबत हरकत प्राप्त नाही.

आराखडा मंजूर झाला म्हणजे गोष्ट संपली असं नाही. त्यात बदल करायचं दार कलम ३७चं. पालिकेनं ठराव करायचा, सूचना प्रसिद्ध करायची, हरकती ऐकायच्या आणि सरकारकडं पाठवायचं. शेतीची जमीन रहिवासात घ्यायची असेल, शाळेची जागा मोकळी करायची असेल, तर याच दारानं. दुसरं दार कलम १२७चं. आरक्षण पडून दहा वर्षं झाली आणि पालिकेनं जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देतो. ठरलेल्या मुदतीत संपादनाचं पाऊल पडलं नाही तर आरक्षण रद्द, जमीन मोकळी. पालिकेकडं पैसा नसतो, हे मालकाला पक्कं माहीत असतं. तो दहा वर्षं थांबतो. अशी कित्येक शाळांची, मैदानांची, दवाखान्यांची आरक्षणं महाराष्ट्रभर उठली. ती शाळा कुणाच्या पोरांची होती? ज्याची पोरं पैसे भरून इंग्रजी शाळेत जातात त्याची नव्हती. म्हणजे बघा, आपलं नोकरीतलं आरक्षण सगळ्यांच्या डोळ्यात सलतं, आणि आपल्या पोरांच्या शाळेसाठी ठेवलेलं जमिनीचं आरक्षण उठतं तेव्हा कुणाला आवाजही येत नाही.

राहिली बांधकाम परवानगी. लोकांना वाटतं ती नगरसेवक देतो. ती आयुक्त किंवा मुख्याधिकारी देतो, कलम ४४ आणि ४५ खाली. अर्ज पूर्ण असेल आणि साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. नाकारली तर चाळीस दिवसांत सरकारकडं अपील. पण हे सगळं त्याला, ज्याच्या नावावर जमीन आहे. ज्याच्या नावावर नाही त्याला साठ दिवस नाही, साठ वर्षं झाली तरी कुणी परवानगी धरत नाही.

कुणी म्हणेल, शहर आधीच वाकडंतिकडं वाढलेलं असतं, कोऱ्या कागदावर आखलं तर न्याय होईल. आपल्याच भागात कोऱ्या कागदावर आखलं गेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. गणपती बुडवून माणसं झोपली होती. किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत जवळजवळ आठ हजार माणसं मेली. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं. ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली. गावोगाव सल्लागार समित्या झाल्या, बायकांना बोलावलं, आराखडे गावापुढं ठेवले. हे चांगलंच झालं, त्या काळात तेवढंही दुसरीकडं होत नव्हतं.

पण घर किती मोठं द्यायचं हे कशावर ठरलं? जमिनीवर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरच्या वर ७५०. नियमात जात हा शब्द कुठंही नाही. कसा असेल? पण मराठवाड्याच्या गावात जमीन कुणाकडं आहे आणि कुणाकडं नाही हे ज्याला माहीत आहे त्याला हा नियम जातीशिवाय वाचता येईल का? भूकंपानं वाडा पाडला आणि खोपटंही पाडलं. एका रात्रीत सगळे उघड्यावर आले. मेलेल्यांत भेद राहिला नाही. जे वाचले त्यांना घर देताना मात्र जुन्या गावाचा सात-बारा ढिगाऱ्यातून उकरून काढला आणि नव्या गावाचा पाया त्याच्यावर घातला. गावकूस पडलं होतं, ते फुटांत मोजून परत बांधलं. माणसं किती, म्हातारी किती, पोरं किती, याच्यावर घर ठरवता आलं असतं. कोरा कागद होता, हात जुने होते.

नांदेडचा धडा वेगळा आहे. नांदेड आणि वाघाळा या दोन नगरपालिका मिळून १९९७ला महापालिका झाली. ३ डिसेंबर २००५ला केंद्रानं जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केलं आणि नांदेडचं नाव त्या यादीत आलं. गुरू गोविंदसिंगांच्या नांदेडला २००८ साली गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा व्हायचा होता. पैसा आला, रस्ते रुंद झाले, पूल झाले, शहराचं रूप बदललं. सोहळ्याबद्दल तक्रार नाही. लंगरात जात न विचारता ताट वाढतात, ते आपल्याला कळतं. मुद्दा आराखड्याचा आहे. या अभियानासाठी शहराला एक वेगळा ‘नगर विकास आराखडा’ करावा लागला. नाव सारखं, जात वेगळी. हा १९६६च्या कायद्यातला आराखडा नव्हे. हे आराखडे सल्लागार कंपन्यांनी लिहिले. त्याला कलम २८ची समिती नाही, हरकतीचा हक्क नाही. बैठका घेतल्या की सल्लामसलत झाली. ज्या चाळणीतून आपण खाली पडत होतो ती चाळणीही तिथं नव्हती.

त्याच अभियानात शहरी गरिबांसाठी घरं होती. किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. लाभार्थ्यानं खर्चाचा १२ टक्के वाटा भरायचा, अनुसूचित जातीच्या माणसानं १० टक्के. पुढं २०१५ला प्रधानमंत्री आवास आली, त्यात दुर्बल घटकाला ३० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे ३२३ फूट. किल्लारीला २५०, मग २६९, मग ३२३. वीस-बावीस वर्षांत गरिबाची जागा ७३ फुटांनी वाढली. एका पलंगाची आणि एका मोरीची जागा. आणि जिथं जागेवर घर बांधून घ्यायचं तिथं पहिला प्रश्न तोच, जागा तुझ्या नावावर आहे का?

गुंठेवारीचंही असंच. २००१च्या कायद्यानं १ जानेवारी २००१पर्यंतचे बेकायदा पाडलेले प्लॉट नियमित करायची सोय झाली, २०२१ला ती तारीख ३१ डिसेंबर २०२० केली. पण हे खाजगी मालकीच्या जमिनीला. ज्याच्याजवळ गुंठा विकत घ्यायला पैसे होते त्याची चूक दुरुस्त होते. ज्याच्याजवळ नव्हते आणि जो सरकारी जमिनीवर बसला, त्याचं नाव अतिक्रमणवाला.

लोकशाहीचा जो थोडा धागा होता तोही मधे तुटला. २००९ला कायद्यात क्षेत्रसभा आली, मोहल्ल्यातल्या मतदारांनी बसून आपल्या भागाचं बोलायचं अशी. ती कागदावर राहिली. २०२२ला लातूर आणि नांदेड या दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षं प्रशासक बसला. सर्वसाधारण सभा तोच, स्थायी समितीही तोच. एका माणसानं सूचना मांडायची, त्यानंच अनुमोदन द्यायचं.

मग करायचं काय? नुसता इतिहास सांगून मी थांबणार नाही. बाबासाहेब थांबले नव्हते.

एक. प्रत्येक शाखेनं आपल्या शहराचा मंजूर आराखडा आणि विद्यमान वापराचा नकाशा विकत आणायचा. बाबू देत नसेल तर २००५चा माहिती अधिकार आहे. तो नकाशा विहाराच्या भिंतीवर, बाबासाहेबांच्या फोटोखाली लावायचा आणि आपली वस्ती त्यात कुठं आहे हे बोट ठेवून पोराबाळांना दाखवायचं.

दोन. आपली पाहणी आपण करायची. घरं, माणसं, किती वर्षं राहतात, वीजबिल, शाळेचे दाखले, मतदार यादी. वहीत मांडायचं, नकाशावर चढवायचं. पालिकेनं कोरी ठेवलेली जागा आपण भरायची आणि सहीशिक्क्यासह त्यांना द्यायची. नवा आराखडा करायचं जाहीर झालं की त्याच दिवशी. बुलडोझर आल्यावर नाही.

तीन. हरकत लेखी, दोन प्रतींत, आवक क्रमांक घेऊन. एक मोघम अर्ज आणि खाली हजार सह्या असं नको. घराघराची वेगळी हरकत, म्हणजे समितीला प्रत्येकाला ऐकावं लागेल. सुनावणीला बायकांनी पुढं बसायचं. नाला किती चढतो आणि नळ किती वाजता येतो हे त्यांना माहीत असतं.

चार. नोटीस आली तर घाबरून घर मोकळं करायचं नाही. १९८५ला ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फुटपाथवरच्या माणसालाही आधी ऐकलं पाहिजे. १३ नोव्हेंबर २०२४ला त्याच न्यायालयानं पाडापाडीआधी १५ दिवसांची नोटीस सक्तीची केली. पण नीट वाचा. रस्ता, फुटपाथ, रुळाची कड, नदीनाला अशा सार्वजनिक जागेवरच्या अनधिकृत बांधकामाला ते संरक्षण नाही. आणि आपली माणसं नेमकी तिथंच आहेत. म्हणून निकालाच्या भरवशावर बसू नका, नकाशात शिरा.

पाच. आपल्या राखीव वॉर्डाच्या नगरसेवकाला धरायचं. तो समाजमंदिर मागतो, गटार मागतो, हायमास्ट मागतो, उद्घाटनाला हार घालून घेतो. त्याला विचारा, कलम ३७चा ठराव सभेत आला तेव्हा तू कुठं होतास? कुठल्या शाळेचं आरक्षण तुझ्या हात वर करण्यानं उठलं?

शेवटचं. कायद्यात दोन शब्द आहेत, हरकती आणि सूचना. आपण आजवर हरकतीच घेत आलो, त्याही उशिरा. सूचना कधी केली नाही. शहराच्या नकाशात बेघरांच्या घरांसाठी जागा आरक्षित करता येते. स्मशानासाठी करता येते, आणि आपल्या प्रेताला वाट मिळत नाही अशी गावं मराठवाड्यात अजून आहेत. शाळेसाठी, वाचनालयासाठी, बाजारात भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या बाईच्या ओट्यासाठी करता येते. १९४७ला बाबासाहेबांनी सरकारपुढं ठेवली ती हरकत नव्हती, ती सूचना होती. जमीन कुठली, ताबा कुणाचा, वसवायचं कसं, सगळं लिहिलेलं. तो कागद अजून कुठल्याच समितीपुढं सुनावणीला आलेला नाही. तो न्यायचं काम आपलं आहे.

जयभीम.